रॉबिन हूडची मुलांसाठी कुठली आवृत्ती घ्यावी? घरात दोन आहेत आणि दोन्ही चालत नाहीयेत

ओलीसुकी

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण नीट सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही. लेक ९ वर्षांची आणि धाकटा ६ चा. रात्री झोपायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवायचं हे आमचं ठरलेलं, आणि सध्या दोघांच्या डोक्यात रॉबिन हूड बसलाय. मुळात ते कार्टूनमधून आलं, ज्यात रॉबिन म्हणजे कोल्हा आहे, त्यामुळे धाकट्याला आधी हेच पटवायला लागलं की बाबा गोष्टीतला रॉबिन माणूस होता.

पहिलं पुस्तक आणलं ते पातळसं, पानभर रंगीत चित्रं, मराठीतच. पहिल्याच पानावर "एक चांगला दरोडेखोर होता" आणि दुसऱ्या पानापासून लुटालूट सुरू. शेवटी राजा येतो, सगळ्यांना माफ करतो, लग्न होतं, संपलं. अर्ध्या तासात वाचून झालं आणि लेक म्हणाली, "पण आई तो जंगलात का राहायचा? त्याला घर नव्हतं का?" मी पुस्तक परत मागेपुढे चाळलं, खरंच कुठेच लिहिलेलं नाही. धाकट्याचा प्रश्न तर त्याहून अवघड. तो श्रीमंतांना लुटतो ना, मग आपण श्रीमंत आहोत का, आपल्याकडे आला तर आपल्याला पण लुटेल का? आणि हे विचारताना चेहरा अगदी काळजीचा, थट्टा नाही. मी काहीतरी "नाही रे, तो चांगला होता" असं म्हणून वेळ मारून नेली पण माझं मलाच ते पटलं नाही.

दुसरं पुस्तक जाडजूड इंग्रजी, कुणीतरी भेट दिलेलं. ते उघडलं तर पहिल्या परिच्छेदातच मी अडखळले, सगळं दाऊ आणि दी (जुन्या इंग्रजीतलं 'तू' आणि 'तुला') आणि जुनी वाक्यं, ती चालू असतानाच मनात मराठी करून सांगायची म्हणजे दमछाक होते, दोन पानांनंतर धाकटा झोपला आणि लेक कंटाळली.

तर मला तुमच्याकडून हे हवंय की निवडायचं कसं? मूळ गोष्ट नक्की कुठली आणि त्यातलं काय ठेवलेलं असलं म्हणजे आवृत्ती चांगली? शेवटी रॉबिन मरतो असं मला पुसटसं आठवतंय, ते असलेलं घ्यावं की नसलेलं? आणि लेकीची एक स्वतंत्र तक्रार आहे की यात मुलगी फक्त शेवटी लग्नाला येते.

---

पायवाट

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की "मूळ पुस्तक" नावाचं काही आहे आणि बाकी सगळ्या त्याच्या छोट्या आवृत्त्या. रॉबिन हूडचं मूळ पुस्तक नाहीच. ती गाणी होती, आपल्याकडे पोवाडे असतात तशी गोष्ट सांगणारी, इंग्रजीत त्यांना बॅलड म्हणतात. १३७७ च्या सुमाराच्या एका इंग्रजी काव्यात एक आळशी पाद्री म्हणतो की मला प्रार्थना धड येत नाही पण रॉबिन हूडची गाणी येतात, म्हणजे तेव्हाच ती लोकांच्या तोंडी होती. लिहिलेली सापडतात ती त्यानंतरची, एक हस्तलिखित १४५० च्या आसपासचं, आणि १५०० च्या सुमाराला छापलेलं एक लांब काव्य, "अ गेस्ट ऑफ रॉबिन होड". पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस जेम्स चाइल्ड नावाच्या अभ्यासकाने जुनी बॅलड्स गोळा केली त्यात रॉबिनचीच ३८ आहेत. म्हणजे जो कुणी मुलांसाठी पुस्तक लिहितो तो यातली वेचून, जोडून, मधल्या फटी स्वतः भरून लिहितो. त्यामुळे "संक्षिप्त आहे की पूर्ण" हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही, "याने कुठला रॉबिन निवडला" हा खरा प्रश्न.

कारण रॉबिन एक नाही, निदान तीन आहेत. पहिला गाण्यांमधला, तो "योमन", म्हणजे सरदार नाही आणि कुणाचा वेठबिगारही नाही, मधला मोकळा माणूस. दुसरा १५९८ च्या दोन नाटकांतून आला, अँथनी मंडेची, त्यात त्याला एकदम हंटिंग्डनचा अर्ल करून टाकला, म्हणजे मोठा उमराव ज्याची इस्टेट लबाडीने गेली. आणि तिसरा वॉल्टर स्कॉटच्या आयव्हॅन्हो या कादंबरीतून, १८१९ च्या शेवटी आलेल्या, ज्यात सगळं सॅक्सन (इंग्लंडचे आधीचे लोक) विरुद्ध नॉर्मन (त्यांना जिंकून राज्य करणारे) होतं आणि रॉबिन दबलेल्या सॅक्सनांच्या बाजूचा. बाणाने बाण चिरतो तो प्रसंगही तिथलाच, जुन्या गेस्टमध्ये तो काठी चिरतो. तिघांपैकी कुठला ते पुस्तकाच्या पहिल्या तीन-चार पानांत कळतं. मला विचाराल तर मुलांना पहिला द्या. उमरावाचा मुलगा आपली इस्टेट परत मिळवतो ही गोष्ट वेगळी, आणि साधा माणूस राजाच्या रानात स्वतःचे नियम घालून राहतो ही वेगळी. उमरावाच्या गोष्टीत शेवटी सगळं जागच्या जागी बसतं आणि आधीचे प्रश्न पुसले जातात. तुमच्या पातळ पुस्तकात लग्न आणि माफी होती म्हणालात, ते त्याच घराण्यातलं वाटतंय.

तुमचं जाडं इंग्रजी पुस्तक बहुधा हॉवर्ड पाइलचं असेल, १८८३ सालचं, दाऊ-दी वरून वाटतंय. तो अमेरिकन चित्रकार, चित्रंही त्याचीच. टाकून देऊ नका ते. फक्त झोपताना चालता चालता भाषांतर करू नका, दुपारी एक प्रकरण स्वतःसाठी वाचा आणि रात्री पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगा. पाइलने स्वतः हेच केलंय. जुन्या एका गाण्यात कोवळा रॉबिन पैजेवरून झालेल्या भांडणात १५ वनरक्षकांना मारतो. पाइलने ते एकावर आणलं आणि तोही आधी रॉबिनवर बाण सोडतो असं केलं, आणि वर रॉबिनला त्याचं वाईट वाटतं, परत कधी माणूस मारायची वेळ येऊ नये असं वाटतं. लेकीच्या "जंगलात का राहायचा" या प्रश्नाला ते पहिलं प्रकरण नेमकं उत्तर आहे. मराठीत कुठलंही पुस्तक घेताना पहिलं प्रकरण उभ्या उभ्या वाचा, तो रानात का गेला हे त्यात नसेल तर ठेवून द्या.

---

निळी शाई

पायवाट यांचं पटतंय, पण मी पहिलं प्रकरण नाही बघत, मी दुसरीच जागा बघते. गेली बरीच वर्षं वेगवेगळ्या वयाच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतेय, आणि रॉबिन हूडचं पुस्तक हातात आलं की मी आधी गरीब सरदाराची गोष्ट शोधते. सर रिचर्ड अ‍ॅट द ली. ती आहे का आणि किती पानं दिलीयत, एवढ्यावर माझं ठरतं. तुमच्या धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेस्टची सुरुवातच ही. जेवणाची वेळ झालीय आणि रॉबिन म्हणतो पाहुणा आल्याशिवाय मी जेवणार नाही. आधी लिट्ल जॉन, रॉबिनचा उजवा हात, विचारतो की नेमकं कुणाला लुटायचं आणि कुणाला नाही ते एकदा सांगून ठेव, आणि रॉबिन नियम सांगतो. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावायचा नाही, साध्या मोकळ्या माणसाला नाही, सरदारसुद्धा भला असेल तर त्याला नाही. बिशप आणि आर्चबिशप मात्र सोडायचे नाहीत, आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ कायम लक्षात ठेवायचा. त्याशिवाय ज्या टोळीत एखादी बाई असेल त्या टोळीला तो कधी धक्का लावत नाही. म्हणजे बघा, "श्रीमंतांना लुटतो" हा नियम नाहीच मुळी. माणूस कसा आहे आणि पैसा कुठून आला हे बघणं आहे.

मग रस्त्यावर एक सरदार दिसतो. इतका खचलेला की एक पाय रिकिबीत आणि दुसरा नुसता लोंबतोय, टोपी डोळ्यांवर आलेली, कपडे साधे. मी हे वाचते तेव्हा मुलं आपोआप गप्प होतात, कुणाच्या तरी पायाकडे बघून दुःख कळतं हे त्यांना लगेच समजतं. त्याला आणतात, पोटभर जेवू घालतात, आणि मग रॉबिन म्हणतो की आता जेवणाचे पैसे दे. तो म्हणतो माझ्याकडे फक्त १० शिलिंग आहेत. रॉबिन म्हणतो, खरंच तेवढेच असतील तर मी त्यातला एक पेनीही घेणार नाही, उलट हवे तर देईन. आणि लिट्ल जॉनला बघायला लावतो. तो आपला झगा जमिनीवर पसरतो, पिशवी उलटी करतो, मोजतो. बरोबर १० शिलिंग. येऊन सांगतो की माणूस खरा आहे.

हीच परीक्षा नंतर एका मठाच्या साधूची होते. तो म्हणतो माझ्याकडे फक्त २० मार्क. परत झगा पसरतात, निघतात ८०० पौंडांहून जास्त. आणि ते जातात. म्हणजे लुटला जातो तो खोटं बोलणारा. तुमच्या धाकट्याला सांगा की रॉबिन आला तर तो आधी विचारेल तुझ्याकडे किती आहे, आणि तू खरं सांगितलंस तर तुझं तुझ्याकडेच राहील. माझ्या अनुभवाने सहा वर्षांच्या मुलाला हे "तो चांगला होता" पेक्षा कितीतरी पक्कं वाटतं, कारण यात त्याच्या हातात काहीतरी आहे.

पुढचं तर आणखी छान. त्या सरदाराने मुलाला वाचवायला जमीन यॉर्कच्या मठाकडे ४०० पौंडांना गहाण टाकलेली, मित्र सगळे पळाले. रॉबिन ४०० पौंड उसने देतो. मग कापड द्यायचं ठरतं तेव्हा लिट्ल जॉन आपलं धनुष्य गज म्हणून वापरतो आणि प्रत्येक मापाला वर तीन-तीन फूट उडी मारून पुढे जातो. शेजारचा मच, टोळीतलाच एक, म्हणतो हा कसला कापडवाला, आणि दुसरा हसून म्हणतो त्याच्या खिशातलं थोडंच जातंय, देऊ दे भरपूर. हा प्रसंग ज्या पुस्तकात नाही ते मला ओकंबोकं वाटतं. पातळ पुस्तकांत नेमकं हेच कापतात आणि मारामारी ठेवतात, कारण मारामारीचं चित्र सोपं काढता येतं.

---

मोठा_फॉन्ट

मृत्यूबद्दल मी लिहितो कारण त्यावर आमच्याकडे बरंच झालंय. माझं मत स्पष्ट आहे, असलेलं घ्या.

गोष्ट अशी की म्हातारा, आजारी रॉबिन कर्कलीजच्या मठात आपल्या नात्यातल्या जोगिणीकडे जातो. तेव्हा आजारावर शीर कापून रक्त काढायची पद्धत होती, ती ते करते आणि मुद्दाम रक्त वाहत ठेवते. त्याच्या लक्षात येतं तेव्हा अंगात ताकद नाही, तो शिंग तीनदा फुंकतो पण अगदी हळू, आणि लिट्ल जॉन लांबून ऐकून म्हणतो की इतकं हळू वाजतंय म्हणजे माझा धनी मरायला टेकला. दारं फोडून येतो. त्याला तो मठ जाळून टाकायचा असतो. रॉबिन नको म्हणतो, मी आयुष्यात कधी बाईला इजा केली नाही, आता शेवटी करणार नाही. नंतरच्या गाण्यांत तो खिडकीतून शेवटचा बाण सोडतो आणि जिथे पडेल तिथे मला पुरा म्हणतो.

माझा मुलगा तेव्हा ८ चा. रडला, चांगलाच रडला, आणि माझं मन खाऊ लागलं की उगाच वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः पुस्तक आणून तेच प्रकरण उघडलं आणि मला म्हणाला शिंगाचं परत वाच, हळू आवाजात वाच. तेव्हा मला कळलं की त्याला मरण नको नव्हतं, त्याला तो हळू आवाज परत ऐकायचा होता. जॉनला तो कसा ऐकू आला यावर तो कितीतरी दिवस बोलत होता. निळी शाई यांनी वर लिहिलेला नियम, टोळीत बाई असेल तर धक्का लावायचा नाही, तो इथे शेवटी परत येतो बघा, मरतानासुद्धा तो मोडत नाही. शेवट कापला की तो नियम नुसता बोलण्यापुरता राहतो.

पण ६ वर्षांच्याला आत्ताच वाचायलाच हवं असं नाही. पाइलने यासाठी फार सुंदर सोय केलीय. शेवटच्या भागाच्या तोंडाशी तो वाचकाला सांगतो की इथून पुढे सगळं मोडत जाण्याची गोष्ट आहे, तुला नको असेल तर इथेच तुझा हात सोडतो. म्हणजे लेखकच थांबायची जागा दाखवतो. तुम्ही धाकट्यासाठी तिथे थांबा आणि लेकीला तिची ती पुढे वाचू द्या.

आणि कुणी म्हणेल की काहीच गाळू नये, तर तेही मला मान्य नाही. १४५० च्या त्या हस्तलिखितात लिट्ल जॉन आणि मच एका साधूला मारतात आणि तो साक्ष देईल म्हणून त्याच्या बरोबरच्या छोट्या पोऱ्यालाही मारतात. रॉबिनला मारायला आलेल्या गाय ऑफ गिसबोर्नच्या गाण्यात रॉबिन त्याचं मुंडकं कापतो, चेहरा ओळखू येऊ नये इतका चिरतो आणि धनुष्याच्या टोकाला लावतो. हे मुलांसाठी लिहिणारा प्रत्येकजण गाळतो किंवा सौम्य करतो आणि बरोबरच करतो. फरक एवढाच की मृत्यूच्या प्रकरणात गोष्टीचा अर्थ आहे, गिसबोर्नच्या चेहऱ्यात नाही.

---

कोपऱ्यातला दिवा

मराठी आवृत्ती घेणार असाल तर एकच गोष्ट सांगते, "आउटलॉ"ला काय शब्द वापरलाय ते बघा. तुमच्या पुस्तकात "दरोडेखोर" लिहिलंय आणि तुमच्या मुलांचा अर्धा गोंधळ मला त्या एका शब्दातून आलेला दिसतोय. दरोडेखोर म्हणजे दरोडा हा ज्याचा धंदा. आउटलॉ म्हणजे ज्याच्यावरचं कायद्याचं छत्र काढून घेतलंय असा माणूस, त्याला कुणीही मारलं तरी मारणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच्या डोक्याला तेव्हा "लांडग्याचं डोकं" म्हणायचे, लांडगा दिसला की जसा मारायचा तसाच हा. तो आधी कायद्याबाहेर टाकला जातो आणि मग जगायला लुटतो. मी मुलांना सांगताना "कायद्याने वाळीत टाकलेला" म्हणते, एकदा समजावलं की पुढे नुसतं "वाळीत टाकलेले लोक" म्हटलं तरी चालतं. "फरारी" पण वाईट नाही.

दुसरं म्हणजे रान. आपण "जंगल" म्हणतो आणि मुलांना वाटतं नुसती झाडं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये "फॉरेस्ट" म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला प्रदेश, त्यात शेतं आणि गावंसुद्धा यायची आणि तिथलं हरीण मारणं हा राजाविरुद्धचा गुन्हा. १२१७ च्या वनसनदेत लिहून द्यावं लागलं की यापुढे हरणासाठी कुणाचा जीव किंवा हात-पाय जाणार नाही, यावरून आधी काय होत असेल ते कळतं. "राजाचं राखीव रान" असं भाषांतर असेल तर पहिल्या प्रकरणातलं भांडण मुलांना आपोआप समजतं, नुसतं जंगल असेल तर एका हरणासाठी एवढं काय हा प्रश्न येणारच.

शेरीफला "कोतवाल" करतात ते मला आवडत नाही. कोतवाल शहराचा, शेरीफ अख्ख्या परगण्यावरचा राजाचा माणूस, वसुली त्याची, आरोपी पकडणं त्याचं. शेरीफच राहू द्या, मुलं नवीन शब्द पटकन उचलतात. फ्रायर टक, म्हणजे टोळीतला ख्रिस्ती साधू, त्यालाही "भटजी" किंवा "महाराज" केलेलं नको, मग तो भलताच माणूस डोळ्यांसमोर येतो.

इंग्रजीतून स्वतः सांगणार असाल तर पाइलखेरीज रॉजर लान्सलिन ग्रीनचं बघा, १९५६ चं, पफिन प्रकाशनाचं. पाइलपेक्षा भाषा बरीच सरळ आणि सुटी सुटी गाणी त्याने एका ओळीत लावून सलग गोष्ट केलीय, म्हणून रोज एक प्रकरण असं वाचायला बरं पडतं. पण तो रॉबिन उमराव आहे हे धरून चाला, पायवाट यांना तो आवडणार नाही.

---

पायवाट

ग्रीनचं मला आवडतं हो :) फक्त पहिलं म्हणून देणार नाही इतकंच. आणि आउटलॉबद्दल अगदी बरोबर, माझ्या लक्षातच आलं नव्हतं की एवढं एका शब्दावर अडकत असेल.

---

तिसरी घंटा

लेकीची तक्रार राहिलीच की. ती महत्त्वाची आहे आणि तिला खरं सांगायला हवं, की जुन्या गाण्यांत मॅरियन, म्हणजे रॉबिनची प्रेयसी, नव्हतीच. गेस्टमध्ये नाही, १४५० च्या हस्तलिखितात नाही. ती आली वसंतातल्या मे महिन्याच्या खेळांतून. फ्रान्समध्ये रॉबिन नावाचा मेंढपाळ आणि मॅरियन नावाची त्याची प्रेयसी अशी वेगळीच जोडी गाण्यांत होती, इंग्लंडच्या मे खेळांत रॉबिन हूडही असायचा आणि मॅरियनही, हळूहळू दोघांची गाठ पडली. म्हणून बऱ्याच पुस्तकांत ती नंतर चिकटवल्यासारखी वाटते, कारण ती खरंच नंतर आलीय. पाइलमध्येही ती जवळजवळ नाही, नुसता उल्लेख. ग्रीनमध्ये मात्र बरीच आहे.

पण एक गाणं आहे जे मुलींना हमखास आवडतं. मॅरियन रॉबिनला शोधायला पुरुषी वेश करून निघते, धनुष्य, भाता, तलवार, ढाल सगळं घेऊन. रानात रॉबिन भेटतो पण तोही वेश बदललेला. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि तलवारी उपसतात. तासभर किंवा जास्तच लढतात, रॉबिनच्या चेहऱ्यावरून रक्त वाहतंय, तीही जखमी आहे, आणि रॉबिनच म्हणतो थांब, हात आवर, तू माझ्या टोळीत ये. आवाजावरून ती ओळखते. म्हणजे तो तिला टोळीत घेतो ते ती कोण हे माहीत नसताना, नुसतं लढणं बघून. पुस्तक निवडताना हा प्रसंग आहे का ते अनुक्रमणिकेत बघा. नसेल तर पाच मिनिटांत तोंडी सांगता येण्यासारखा आहे, तुम्हीच सांगून टाका.

मला वाटतं की मुलगी नाही म्हणून जबरदस्तीने प्रत्येक प्रकरणात मॅरियन घुसवलेली नवीन पुस्तकं येतात त्यात ती बोलते खूप आणि करते काहीच नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग असावा पण असा असावा.

---

निळी शाई

तिसरी घंटा, "बोलते खूप आणि करते काहीच नाही" अगदी अगदी.

ओलीसुकी, एक राहिलं होतं. दोघांना एकच पुस्तक पुरवायचा हट्ट करू नका. ६ आणि ९ मध्ये फार अंतर आहे. धाकट्याला सुटे प्रसंग द्या, पुलावरची मारामारी, सरदार, कापड. अरुंद पुलावर दोघं समोरासमोर येतात, कुणीच मागे हटत नाही, लाठ्या चालतात आणि रॉबिन पाण्यात पडतो, तरी उठून हसतो आणि ज्याने पाडलं त्यालाच सोबत घेतो. मग सगळे मिळून त्या सात फुटी जॉन लिट्लचं नाव उलटं करून लिट्ल जॉन ठेवतात. हे सहा वर्षांच्या मुलाला दहा वेळा सांगितलं तरी पुरत नाही. लेकीला मात्र सलग गोष्ट हवी, जिच्यात सुरुवात आणि शेवट एकमेकांना ओळखतात.

---

ओलीसुकी

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा लेकीलाही वाचून दाखवलं (मृत्यूचा भाग सोडून, तो तिने नंतर माझ्या हातातून फोन घेऊन वाचलाच).

काल रात्री पुस्तक न घेता सरदाराची गोष्ट सांगितली. लोंबणाऱ्या पायाशी धाकटा खरंच गप्प झाला. झगा पसरायचा आला तेव्हा त्याने स्वतःची चादर ओढून जमिनीवर टाकली आणि म्हणाला थांब, मी मोजतो, मग शिवणाच्या डब्यातली बटणं आणली आणि त्यातली १० बरोबर काढून ठेवली. दोनदा मोजली. नंतर साधूची पाळी आली तेव्हा अख्खा डबा उलटा केला. मी विचारलं की आता आपल्याकडे रॉबिन आला तर? तो म्हणाला मी सांगीन माझ्याकडे डबाभर आहेत, आणि थोडा विचार करून म्हणाला, पण मग तो नेणार नाही ना, मी खरं सांगितलं तर. मी म्हटलं नाही नेणार. या वेळी मला ते म्हणताना काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

लेकीने "वाळीत टाकलेला" लगेच उचललं. पातळ पुस्तक काढलं, पहिल्या पानावरचं "चांगला दरोडेखोर" पेन्सिलने खोडलं आणि वर बारीक अक्षरात "कायद्याने वाळीत टाकलेला चांगला माणूस" लिहिलं. मी काही बोलले नाही, पुस्तक तिचं आहे.

सध्याचं ठरलंय ते असं, की पाइल मी दुपारी वाचणार आणि रात्री तोंडी सांगणार, ग्रीनचं लेकीसाठी मागवतेय, आणि मराठीत नवीन काही मिळालं तर वर सांगितलेल्या तीन जागा उभ्या उभ्या बघून मगच घेणार, रानात का गेला, सरदार आहे का, आणि शेवट काय केलाय.

आज लवकर आवरायचंय, कापडाचा प्रसंग काल राहिला आणि धाकट्याने सकाळपासून छत्री काढून ठेवलीय मोजायला, उडी किती लांब मारायची ते तो मला तीनदा विचारून गेलाय. त्यानंतर लेकीला मॅरियनची तलवार हवी आहे.